सिमेंट आणि पोलाद उद्योगांतील कार्बन उत्सर्जन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवजड उद्योगांचा विचार वीज आणि वाहने यांच्यापासून वेगळा का करावा लागतो?

वीजनिर्मितीत कोळशाची जागा ऊन आणि वारा घेऊ शकतात, आणि दुचाकीत इंजिनाऐवजी बॅटरी बसवता येते. या दोन्ही ठिकाणी काम तेच राहते, बदलतो तो ऊर्जेचा स्रोत. सिमेंट आणि पोलाद यांच्या बाबतीत अडचण अधिक खोलवर आहे. तेथे कोळसा किंवा वायू उष्णतेसाठी लागतोच. शिवाय कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग दगड आणि खनिज यांच्यावर होणाऱ्या रासायनिक क्रियेतूनच बाहेर पडतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी साधारण सात ते आठ टक्के सिमेंटमधून आणि जवळपास तेवढेच पोलादातून होते. या दोन्ही मालांच्या उत्पादनात भारत जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रातही हे उद्योग दूरचे नाहीत: चंद्रपूर जिल्ह्यात आवारपूर, गडचांदूर, उपरवाही आणि घुग्घुस येथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, रायगड जिल्ह्यात डोळवीला पोलादाचा मोठा प्रकल्प आहे, आणि जालना तर सळयांसाठीच ओळखले जाते.

सिमेंट कारखाना पूर्णपणे सौर विजेवर चालवला तर त्याचे उत्सर्जन थांबेल का?

थांबणार नाही, आणि त्याचे कारण चुनखडीच्या पोटात आहे. चुनखडी म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. ती सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ५६ किलो चुना हाती येतो आणि ४४ किलो वायू धुरांड्यातून बाहेर पडतो. भट्टी कोळशावर तापवा, लाकडावर तापवा किंवा विजेवर तापवा, हे ४४ किलो तेवढेच राहतात.

गावाकडच्या जुन्या चुन्याच्या भट्टीतही हेच घडत होते. मात्र चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषूनच घट्ट होतो, त्यामुळे जुन्या वाड्यांच्या भिंतींनी चुनखडीतून गेलेल्या वायूचा बराचसा भाग परत घेतलेला असतो. काँक्रीटही तो वायू शोषते, पण पृष्ठभागापासून आत शिरायला त्याला दशके लागतात. आणि तो लोखंडापर्यंत पोचला तर सळई गंजू लागते, म्हणून तेथवर तो पोचू नये याचीच काळजी अभियंते घेतात.

चुना, माती आणि थोडे लोहखनिज यांचे मिश्रण पुढे सुमारे १,४५० अंशांवर भाजले की क्लिंकर तयार होतो. हे राखाडी-काळे, सुपारीएवढे खडे जिप्सम घालून दळले म्हणजे साधे सिमेंट झाले. एक टन क्लिंकरमागे साधारण ८५० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला ६० टक्क्यांच्या आसपासचा वाटा एकट्या चुनखडीचा असतो; उरलेला इंधनाचा. टनभर सिमेंटला लागणारी वीज ७५ ते ८० युनिटांच्या घरात असल्याने सौर पॅनेलमुळे होणारी बचत खरी असली, तरी एकूण हिशेबात ती लहानच राहते. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर वाफ करून वीज बनवण्याची सोय अनेक भारतीय कारखान्यांनी केली आहे आणि तीही उपयुक्त आहे, पण चुनखडीतल्या वायूला ती हात लावू शकत नाही. एखाद्या कारखान्याच्या जाहिरातीत ‘हरित सिमेंट’ असे शब्द आणि सौर पॅनेलचे छायाचित्र एवढेच दिसले, तर त्यांच्या सिमेंटमध्ये क्लिंकर किती टक्के आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

मग क्लिंकरच कमी करता येतो का?

होय, आणि आज हाती असलेल्या उपायांपैकी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सिद्ध उपाय हाच आहे. साध्या पोर्टलंड सिमेंटमध्ये, म्हणजे बाजारात ज्याला ओपीसी म्हणतात त्यात, सुमारे ९५ टक्के क्लिंकर असतो. पीपीसीमध्ये भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख घालता येते. ही राख औष्णिक वीज केंद्राच्या धुरातून वेगळी काढलेली अतिशय बारीक भुकटी असते. स्लॅग सिमेंटमध्ये तर झोतभट्टीच्या, म्हणजे लोहखनिजापासून लोखंड काढणाऱ्या भट्टीच्या, मळीचे (स्लॅगचे) प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. राख आणि मळी यांचे स्वतःचे उत्सर्जन आधीच दुसऱ्या उद्योगात झालेले असते, त्यामुळे त्या जेवढ्या मिसळाव्यात तेवढा क्लिंकर, आणि पर्यायाने तेवढा वायू वाचतो.

यापुढचे पाऊल म्हणजे एलसी-३ या नावाने ओळखले जाणारे सिमेंट. त्यात साधारण ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडीची भुकटी आणि ५ टक्के जिप्सम असते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठ, क्यूबातील संशोधक आणि आपल्याकडील दिल्ली व मद्रास येथील आयआयटी यांनी मिळून हे मिश्रण विकसित केले. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली की पुरेसे होते, आणि भाजताना तिच्यातून निघते ते पाणी. चुनखडीप्रमाणे कार्बन डायऑक्साइड तिच्या पोटात नसतोच. ओपीसीच्या तुलनेत उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी कमी होते. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक जाहीर केले, त्यामुळे सरकारी कामांत ते वापरण्यातला एक मोठा कागदोपत्री अडथळा दूर झाला.

यासाठी आपली काळी माती चालेल का, असे शेतकरी कुटुंबांतले वाचक आवर्जून विचारतात. काळ्या मातीतले खनिज वेगळ्या जातीचे आहे आणि भाजल्यावर ते पुरेसे क्रियाशील होत नाही. लागते ती केओलिन असलेली, चिनी मातीच्या कुळातली माती. कप-बशा किंवा टाइल बनवण्यासाठी कमी प्रतीची म्हणून खाणीवर टाकून दिलेली मातीही चालते.

‘राखेचे सिमेंट कच्चे असते’, असे आमचे गवंडी सांगतात. ते खरे आहे का?

गवंड्याचे निरीक्षण खरे असते. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. पीपीसीचा कॉलम दुसऱ्या दिवशी साचा काढून नखाने खरवडून पाहिला तर ओपीसीपेक्षा तो नरम लागतो, कारण राखेची क्रिया उशिरा सुरू होते: क्लिंकरचे पाण्याशी मीलन होऊन चुना सुटला, की मगच राख त्या चुन्याशी जोडली जाते. २८ दिवसांच्या सुमारास दोन्ही बरोबरीला येतात आणि त्यानंतरच्या महिन्यांत पीपीसीची ताकद वाढत राहते. छिद्रे बारीक राहिल्याने खारे पाणी आत शिरणे कमी होते, आणि कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर बांधणाऱ्यांसाठी हा फायदा मोठा आहे.

मात्र या सिमेंटला पाणी अधिक दिवस मारावे लागते, आणि नेमके तेथेच घोडे अडते. आयएस ४५६ या संहितेनुसार ओपीसीच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओल राखावी लागते. हवा कोरडी व उष्ण असेल तर हेच आकडे १० आणि १४ होतात. मराठवाड्यात आणि विदर्भात बांधकामे नेमकी फेब्रुवारी ते मे या काळात जोरात असतात. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे बांध घालून पाणी साठवले तरी ते दुपारपर्यंत आटते. कॉलमभोवती गुंडाळलेले गोणपाट तासाभरात खडखडीत होते. आणि टँकर तिसऱ्या दिवशी येतो. अशा कामावरचे पीपीसी खरोखरच कच्चे राहते, आणि त्याचा दोष राखेला लागतो. सेंट्रिंग काढण्याच्या बाबतीतही तेच आहे. संहितेतले दिवस ओपीसी गृहीत धरून दिलेले आहेत, तर मिश्र सिमेंटला त्याहून अधिक मुदत द्यावी लागते. सेंट्रिंगचे भाडे दिवसावर असल्यामुळे ती मुदत सहसा दिली जात नाही.

आमच्या मते या देशातल्या सिमेंटचे उत्सर्जन कमी करण्याच्या आड येणारी सर्वांत मोठी गोष्ट तंत्रज्ञानाची नसून बांधकामावरच्या या दहा दिवसांची आहे, आणि तिच्याकडे धोरणकर्त्यांचे लक्ष फारच कमी गेले आहे.

औष्णिक वीज केंद्रे हळूहळू बंद झाली, तर राख कोठून आणणार?

नजीकच्या काळात टंचाई पडणार नाही. २,९२० मेगावॉटच्या एकट्या चंद्रपूर केंद्रातून निघणारी राख शेजारच्या सिमेंट कारखान्यांना पुरून उरते, आणि जुन्या राखबंधाऱ्यांतील साठाही मोठा आहे, जरी पाण्यात पडून राहिलेली राख वाळवून निवडावी लागते. दूरचा विचार करता राख आणि झोतभट्टीची मळी दोन्ही घटत जाणार, म्हणून भाजलेल्या मातीकडे आताच वळणे शहाणपणाचे ठरेल.

सिमेंटच्या भट्टीत शहराचा कचरा जाळणे योग्य आहे का?

निवडलेला, वाळवलेला आणि तुकडे केलेला कचरा कोळशाच्या जागी वापरता येतो. भट्टीत तापमान अतिशय जास्त असते, वायू तेथे पुरेसा वेळ राहतो आणि उरलेली राख क्लिंकरमध्येच सामावली जाते, त्यामुळे साध्या कचराभट्टीपेक्षा ही पद्धत सरस आहे. युरोपात सिमेंट भट्ट्यांच्या उष्णतेपैकी निम्म्याच्या आसपास उष्णता अशा पर्यायी इंधनांतून येते. भारतात हे प्रमाण अजून बरेच कमी आहे.

आपल्याकडचा कचरा ओला आणि सरमिसळ असतो, ही खरी अडचण. ओला कचरा भट्टीत गेला तर उष्णता देण्याऐवजी ती खातो, आणि पीव्हीसीसारख्या प्लॅस्टिकमधल्या क्लोरिनमुळे भट्टीआधीच्या मनोऱ्यात थर साचून काम बंद पडते. म्हणजे चंद्रपूरच्या भट्टीला चांगले इंधन मिळणे हे नागपूरच्या स्वयंपाकघरात ओला आणि सुका कचरा वेगळा होण्यावर अवलंबून आहे. प्लॅस्टिकही खनिज तेलापासूनच बनते, तेव्हा ते जाळल्याने होणारे उत्सर्जन शून्य धरणे बरोबर नाही. ज्याचा पुनर्वापर होऊच शकत नाही, एवढेच भट्टीकडे जावे.

पोलादातून कार्बन डायऑक्साइड का निघतो, आणि भारतात त्याचे प्रमाण जास्त का आहे?

लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे संयुग. लोखंड मिळवायचे तर तो ऑक्सिजन काढून घेणारे काहीतरी हवे, आणि गेली दोन-तीन शतके हे काम कोकमधला, म्हणजे भाजून तयार केलेल्या दगडी कोळशातला, कार्बन करत आला आहे. कार्बन ऑक्सिजनला आपल्याकडे ओढतो, लोखंड मोकळे होते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलादामागे साधारण २.२ टन उत्सर्जन होते. भारताची सरासरी मात्र अडीच टनांच्या आसपास आहे, तर जगाची १.९ टनांच्या.

या फरकामागे मुख्य कारण कोळशावर बनणारे स्पंज आयर्न, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून मिळवलेले सच्छिद्र लोखंड, आहे. भारत स्पंज आयर्नचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे. इतर देशांत ते बहुधा नैसर्गिक वायूवर बनते; आपल्याकडे वायू कमी आणि महाग, म्हणून छत्तीसगड, ओडिशा, झारखंड आणि आपल्या पूर्व विदर्भातही फिरत्या भट्टीत खनिज व दगडी कोळसा एकत्र घालून ते बनवले जाते. एक टन स्पंज आयर्नमागे दोन टन किंवा त्याहूनही अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. डोळवीचा प्रकल्प या बाबतीत वेगळा आहे, कारण तेथे वायूवर चालणारा स्पंज आयर्न विभाग पूर्वीपासून आहे. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण जास्त असते, हेही लक्षात घेतले पाहिजे; त्यामुळे त्याच उष्णतेसाठी अधिक कोळसा जाळावा लागतो.

जालन्यातील सळयांचे कारखाने विजेवर चालतात. म्हणजे ते स्वच्छ आहेत का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अशा कारखान्यांचा हिशेब वीजबिलावरून केला जातो आणि खरा आकडा वीजबिलात दिसत नाही. इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळवायला ६०० युनिटांच्या आसपास वीज लागते. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ही बेरीज ४२० किलो होते. पण भट्टीत काय टाकले, यावर खरे उत्तर अवलंबून असते. सगळे भंगार टाकले तर वरचा आकडाच मुख्य राहतो. अर्धे कोळशावरचे स्पंज आयर्न टाकले, तर त्याच्यासोबत टनभराहून अधिक वायूचा भार आत येतो. हा वायू रायपूरकडे किंवा घुग्घुसला हवेत गेलेला असतो, इतकेच.

दुसरी गोष्ट डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. वितळलेले पोलाद साच्यातून ओतले की त्याचे चौकोनी लांब ठोकळे बनतात. त्यांना सगळे बिलेट म्हणतात. ते बाहेर येतात तेव्हा लालभडक असतात. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात हे बिलेट आवारात एकावर एक रचून थंड होऊ देतात. रात्री त्या थप्पीजवळून जाताना चेहऱ्याला धग लागते. ती सगळी उष्णता आकाशात जाते, आणि दुसऱ्या दिवशी तेच बिलेट कोळशाच्या भट्टीत पुन्हा ११०० ते १२०० अंशांपर्यंत तापवून सळईसाठी रोलिंगला घेतात. या फेरतापवणीला टनामागे पन्नास-साठ किलो कोळसा सहज लागतो. बिलेट गरम असतानाच थेट रोलिंगकडे नेले तर ही भट्टी जवळजवळ लागतच नाही. त्यासाठी ओतकाम आणि रोलिंग यांचा वेग जुळवावा लागतो, मधले अंतर कमी करावे लागते आणि एक यंत्र अडले की दुसरेही थांबते. तरीही ज्यांनी ही जुळवाजुळव केली, त्यांचा कोळशाचा खर्च आणि धातूवर चढणाऱ्या पापुद्र्यातली घट, दोन्ही कमी झाले. हे काम कोणत्याही परदेशी शोधाची वाट न पाहता करता येते.

तिसरा मुद्दा वेळेचा. रात्रीच्या वीजदरातल्या सवलतीमुळे भट्ट्या रात्री चालवण्याची सवय महाराष्ट्रात जुनी आहे. आता दररचना दिवसाच्या सौर तासांकडे सवलत नेऊ लागली आहे. कामगारांच्या पाळ्या त्याप्रमाणे बदलल्या तर भट्टीला सौर वीज खऱ्या अर्थाने मिळेल, आणि रात्रपाळीचा शरीरावरचा भारही हलका होईल.

सगळे पोलाद भंगारापासूनच का बनवत नाही?

भंगार पुरेसे नाही म्हणून. आज बांधलेली इमारत पन्नास वर्षांनी भंगार देते, आणि पन्नास वर्षांपूर्वी आपण फारच थोडे पोलाद वापरत होतो. २०१९ चे भंगार पुनर्वापर धोरण आणि २०२१ चे वाहन मोडीत काढण्याचे धोरण यांनी गोळा होणारे भंगार वाढेल, तरी वाढत्या मागणीसाठी पुढची काही दशके खनिज लागणारच. तांब्याच्या तारा आणि रंग न काढता भट्टीत गेलेले भंगार सळईची प्रत बिघडवते, म्हणून ते निवडण्याच्या कामाला, आणि ते करणाऱ्या हातांना, योग्य मोल मिळाले पाहिजे.

हायड्रोजनवर पोलाद बनवणे खरोखर शक्य आहे का?

शक्य आहे आणि ते करून दाखवलेले आहे. कार्बनऐवजी हायड्रोजनने खनिजातला ऑक्सिजन काढला की वाफ तयार होते, कार्बन डायऑक्साइड नाही. स्वीडनमधील हायब्रिट प्रकल्पाने २०२१ मध्ये असे पोलाद व्होल्वो कंपनीला पुरवले. भारताने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले आणि त्यात पोलादासाठीच्या प्रायोगिक प्रकल्पांना निधी ठेवला आहे.

अडचण विजेच्या प्रमाणाची आहे. पाण्यातून हायड्रोजन काढण्यापासून पोलाद वितळवण्यापर्यंत टनामागे साधारण ३,५०० युनिट लागतात. दरवर्षी १० लाख टन पोलाद असे बनवायचे तर ३५० कोटी युनिट झाले. आपल्याकडे एक मेगावॉट सौर प्रकल्प वर्षाला सुमारे १७ लाख युनिट देतो आणि त्याला चार एकर जागा लागते, असे धरले तर दोन हजार मेगावॉट आणि आठ हजार एकर जमीन लागेल. १० लाख टन हा मध्यम आकाराचा कारखाना आहे. डोळवीची क्षमता याच्या दहापट आहे. ही वीज कोळशाची असेल तर हायड्रोजन वापरून उत्सर्जन वाढेल, हे वेगळे सांगायला नको. म्हणून वायूवर चालणाऱ्या भट्ट्यांत आधी थोडा हायड्रोजन मिसळणे आणि वीज स्वच्छ होत जाईल तसे त्याचे प्रमाण वाढवणे, हा मार्ग आम्हाला अधिक खात्रीचा वाटतो.

धुरांड्यातला वायू पकडून दख्खनच्या काळ्या दगडात साठवता येईल का?

कल्पना निराधार नाही. नॉर्वेतील ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात २०२५ पासून वर्षाला चार लाख टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे त्या कारखान्याच्या उत्सर्जनाचा साधारण अर्धा भाग पकडून उत्तर समुद्राच्या तळाखाली पाठवला जातो. आइसलँडमध्ये हा वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला असता, त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत दगड बनल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या सह्याद्रीचा आणि पठाराचा दगडही बेसाल्टच आहे, आणि तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडण्याच्या तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय केंद्रही स्थापन झाले आहे.

तरी घाई नको. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूमागे पंचवीस टनांच्या आसपास पाणी लागते, आणि पाणी हेच आपल्या पठाराचे दुखणे आहे. आइसलँडचा बेसाल्ट भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने कोवळा आणि सच्छिद्र, तर आपला साडेसहा कोटी वर्षांचा; त्याच्या भेगा बऱ्याच ठिकाणी दुय्यम खनिजांनी भरलेल्या आहेत. कोयनेला १९६७ मध्ये झालेला भूकंप आणि त्यानंतरचे दशकांचे धक्के पाहता, जमिनीच्या पोटात दाबाने काही सोडण्याआधी जागेची निवड अत्यंत सावधपणे झाली पाहिजे. ज्या विहिरींवर गावे जगतात, त्यांचा अभ्यास हा या निवडीचा पहिला भाग असावा.

झाडे लावून भरपाई होत नाही का?

वर्षाला १० लाख टन क्लिंकर बनवणारा कारखाना सुमारे ८.५ लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. एक वाढलेले झाड वर्षाला २० किलो शोषते असे उदारपणे धरले, तरी सव्वाचार कोटी झाडे लागतील, तीही जगलेली. झाडे धूळ, सावली आणि पाणी यांच्यासाठी जरूर लावावीत.

‘हरित पोलाद’ कशाला म्हणायचे, हे कोणी ठरवले आहे का?

होय. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये व्याख्या जाहीर केली. एक टन तयार पोलादामागे उत्सर्जन २.२ टनांपेक्षा कमी असेल तर ते हरित, १.६ टनांपेक्षा कमी असेल तर पाच तारे, १.६ ते २.० पर्यंत चार तारे आणि २.० ते २.२ पर्यंत तीन तारे. दर तीन वर्षांनी या मर्यादांचा फेरविचार व्हायचा आहे. आमच्या मते २.२ ही सुरुवात म्हणून ठीक आहे, पण जगाची सरासरीच त्याहून कमी असताना ती फार काळ तशीच राहू नये.

कायद्याने कारखान्यांवर काही बंधन आहे का?

२०१२ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘पॅट’ योजना मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीची लक्ष्ये देत आली. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा व क्लोरिन) आणि कागद या क्षेत्रांतल्या कारखान्यांना प्रत्यक्ष लक्ष्ये लागू करणारे नियम आले. लक्ष्यापेक्षा चांगली कामगिरी करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळतात आणि मागे पडणाऱ्याला ती विकत घ्यावी लागतात. ही लक्ष्ये टनामागच्या उत्सर्जनाची आहेत, हे ध्यानात ठेवावे. उत्पादन दुप्पट झाले तर टनामागचे उत्सर्जन घटूनही एकूण आकडा वाढू शकतो.

आम्ही पुण्याजवळून नट-बोल्ट युरोपला पाठवतो. युरोपचा कार्बन कर आम्हाला लागू होतो का?

युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन समायोजन व्यवस्था सिमेंट, लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज यांना लागू आहे, आणि पोलादात नट, बोल्ट, स्क्रू यांचाही समावेश होतो. ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती द्यावी लागत होती. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक भार सुरू झाला आहे. पैसे तेथील आयातदार भरतो, पण आकडे तो तुमच्याकडे मागणार. वर्षाला ५० टनांहून कमी माल आणणाऱ्या आयातदाराला यातून सूट आहे.

तुमच्याकडे आकडे नसतील तर युरोपने ठरवलेले सरधोपट आकडे धरले जातात, आणि ते सहसा तुमच्या खऱ्या उत्सर्जनापेक्षा जास्त असतात. म्हणून तार किंवा बार ज्याच्याकडून घेता, त्याच्याकडे प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूच्या घाण्याचा, उगम आणि उत्सर्जनाचा आकडा आजपासूनच लेखी मागावा. तो पुरवठादार भंगार वापरतो की स्पंज आयर्न, याने तुमच्या मालाची किंमत बदलणार आहे.

गडचिरोलीत नवे पोलाद प्रकल्प येत आहेत. नागरिकांनी कशाची मागणी करावी?

सुरजागडचे खनिज आणि कोनसरीचे प्रकल्प यांमुळे पूर्व विदर्भ पोलादाचा नवा पट्टा होऊ पाहत आहे. रोजगार हवा, यात दुमत नाही. पण झोतभट्टी एकदा उभी राहिली की तिचे आयुष्य दशकांचे असते, आणि मध्यंतरी आतले अस्तर बदलून तिला पुन्हा पंधरा-वीस वर्षे मिळतात. भारताने शून्य निव्वळ उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष दिले आहे. आज कोळशावर बांधलेली भट्टी त्याच्या जवळपास पोचेल. म्हणून जनसुनावणीत विचारायचे प्रश्न नेमके असावेत: टनामागचे उत्सर्जन किती राहणार; वायू किंवा हायड्रोजनकडे वळण्याची जागा आराखड्यात आताच ठेवली आहे का; मळी दाणेदार करून सिमेंटला देणार का; भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून किती वीज बनवणार; आणि उत्सर्जनाचे आकडे दरवर्षी मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणार का. पर्यावरण परवानगीच्या अटीत जे लिहिले गेले तेवढेच पुढे मागता येते, त्यामुळे हे सगळे तेथे लिहून घ्यावे.

मी साधे घर बांधतो आहे. माझ्याने काय फरक पडणार?

हिशेब करून पाहू. १,००० चौरस फुटांच्या आरसीसी घराला ढोबळमानाने ४०० पोती सिमेंट आणि चार टन सळई लागते. ४०० पोती म्हणजे २० टन. ते सगळे ओपीसी असेल तर १६ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. पीपीसी घेतले तर ११ ते १२ टन. चार टन सळईचे, देशाच्या सरासरीने, १० टन. म्हणजे केवळ पोत्यावरची अक्षरे वाचून चार-पाच टन वाचतात, आणि पीपीसी बहुधा स्वस्तच असते.

सर्वांत मोठी बचत मात्र न पाडलेल्या इमारतीत असते. तीस-पस्तीस वर्षांच्या सुस्थितीतल्या इमारती शहरांत केवळ वाढीव चटईक्षेत्रासाठी पाडल्या जातात, तेव्हा त्यांच्या सांगाड्यासाठी एकदा झालेले उत्सर्जन फुकट जाते आणि नव्याने तेवढेच, किंबहुना अधिक होते. पुनर्विकासाच्या सभेत मत देण्याआधी संरचना तज्ज्ञाचा अहवाल मागवावा आणि दुरुस्ती पुरेशी आहे का, हे विचारावे.

नवे बांधत असाल, तर कॉलम-बीमचे आकार अंदाजाने जाड न ठेवता संरचना अभियंत्याकडून काढून घ्यावेत. मिक्सरमध्ये ‘जरा पातळ’ म्हणून जास्तीचे पाणी ओतू देऊ नये, कारण त्याने गेलेली ताकद भरून काढायला पुढे सिमेंटच वाढवले जाते. सळईच्या गाडीसोबत कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र घ्यावे. स्लॅब टाकण्याची तारीख पाण्याची सोय पाहून ठरवावी, आणि पाणी मारणाऱ्या माणसाला चौदा दिवसांचा रोज आधीच देऊन ठेवावा.